स्पीड कॅमेऱ्याचं पत्र आलं: पॉइंट, दंड, कोर्स आणि १७२चा फॉर्म (इंग्लंड-वेल्स)

तिठा (धागाकर्ता)

‘स्पीड कॅमेऱ्याचं पत्र आलं, आता काय?’ ब्रिटनमधल्या मराठी ग्रुपांवर हा प्रश्न सारखा येतो. उत्तरं ‘काही नाही होत, शंभर पौंड भर आणि विसर’ इथपासून ‘आता पासपोर्ट विसर’ इथपर्यंत वाट्टेल ती मिळतात. म्हणून सगळं एका जागी. हे इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची पद्धत वेगळी, ती इथे मिसळू नका.

कॅमेऱ्यात गाडी सापडली की लॉगबुकवर (व्ही-५-सी, गाडीच्या नोंदणीचा कागद) ज्याचं नाव आहे त्याच्या पत्त्यावर पाकीट येतं. आत दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्या एकच समजतात. पहिली, नोटीस ऑफ इंटेंडेड प्रॉसिक्यूशन, म्हणजे एनआयपी. ही गाडी अमुक तारखेला अमुक रस्त्यावर अमुक वेगाने होती आणि त्यावरून कारवाई होऊ शकते, एवढंच ती कळवते. दुसरी, रोड ट्रॅफिक अ‍ॅक्ट १९८८च्या कलम १७२खालची मागणी: त्या वेळी गाडी कोण चालवत होतं ते सांगा. दंड किती, पॉइंट (लायसनवर चढणारे दंडगुण) किती, कोर्स (कारवाईऐवजी करायचा वेगाबद्दलचा वर्ग) मिळणार का, यातलं काहीही या पाकिटात नसतं. ‘पैसे कुठे भरायचे तेच दिलेलं नाही’ म्हणून पाकीट बाजूला ठेवणारे इथेच फसतात.

१७२चं उत्तर पत्र मिळाल्यापासून २८ दिवसांत द्यायचं. ते दिलं नाही तर तो स्वतंत्र गुन्हा आहे: ६ पॉइंट आणि १,००० पौंडांपर्यंत दंड, लायसनवर एमएस-९० हा कोड. किरकोळ स्पीडिंगला ३ पॉइंट आणि १०० पौंड. कागद न पाठवण्याला दुप्पट पॉइंट. इन्शुरन्सवाल्यांचंही एमएस-९०बद्दल मत वाईट असतं, कारण त्यांना त्यातून लपवाछपवीचा वास येतो. म्हणजे मूळ गुन्ह्यापेक्षा टाळाटाळ महाग.

कागदी फॉर्म भरला तर सही हवीच. सही नसलेला फॉर्म म्हणजे उत्तर दिलंच नाही असं धरलं जातं. पोस्टाने पाठवत असाल तर काउंटरवर सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग मागा, फुकट मिळतं. ऑनलाइन भरलंत तर शेवटच्या पानाचा, संदर्भ क्रमांक दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. ‘पाठवला होता’ हे पुढे कोर्टात सिद्ध करायची वेळ आली तर एवढंच हातात असतं.

चालक कोण हे कळल्यावर पोलिसांपुढे तीन वाटा असतात: कोर्स, फिक्स्ड पेनल्टी किंवा कोर्ट. कोणती मिळेल ते वेगावरून ठरतं. पोलीसप्रमुखांच्या परिषदेची मार्गदर्शक आकडेवारी अशी (सगळे आकडे ताशी मैलांत):

२०ची हद्द: २४पासून कारवाई, ३१पर्यंत कोर्स, ३५पासून थेट कोर्ट
३०ची हद्द: ३५, ४२, ५०
४०ची हद्द: ४६, ५३, ६६
५०ची हद्द: ५७, ६४, ७६
६०ची हद्द: ६८, ७५, ८६
७०ची हद्द: ७९, ८६, ९६

कोर्सच्या वर आणि कोर्टाच्या खाली जो पट्टा उरतो तो फिक्स्ड पेनल्टीचा. पहिला आकडा म्हणजे दहा टक्के अधिक दोन. ही पोलिसांची सोय आहे, तुमचा हक्क नव्हे. ३०च्या हद्दीत ३१ला सुद्धा गुन्हा पूर्ण झालेला असतो.

कोर्स केला तर पॉइंट नाहीत, दंड नाही, फक्त कोर्सची फी. गेल्या तीन वर्षांत असा कोर्स केलेला असेल तर पुन्हा मिळत नाही, आणि ही तीन वर्षं मोजायची गुन्ह्याच्या तारखेपासून गुन्ह्याच्या तारखेपर्यंत, कोर्सच्या दिवसापासून नाही. ऑनलाइन कोर्सला कॅमेरा पूर्ण वेळ चालू लागतो, ओळखपत्र दाखवावं लागतं आणि उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत. परीक्षा नसते. पण स्वयंपाक करता करता एका कानाने ऐकू, असा बेत असेल तर तो सोडा. बाहेर काढतात, आणि मग प्रकरण पुन्हा पोलिसांच्या टेबलावर.

फिक्स्ड पेनल्टी म्हणजे १०० पौंड आणि ३ पॉइंट. इथे नेहमीची चूक: पैसे भरायचे आणि लायसनचा तपशील द्यायचा नाही. दोन्ही झाल्याशिवाय ऑफर पूर्ण होत नाही आणि मुदत टळली की प्रकरण कोर्टात जातं. आधीच ९ पॉइंट असतील तर फिक्स्ड पेनल्टी मिळतच नाही, कारण १२ होणार असतील तर निर्णय कोर्टानेच करायचा असतो.

---

खडीसाखर

वाचनखूण साठवली. एक शंका. एनआयपी १४ दिवसांनंतर आली तर केस आपोआप रद्द, असं सगळीकडे वाचायला मिळतं. खरं किती?

---

वळणदार

अर्धं खरं, आणि त्या अर्ध्यावरच लोक बुडतात.

१४ दिवसांचा नियम आहे, रोड ट्रॅफिक ऑफेंडर्स अ‍ॅक्ट १९८८च्या कलम १मध्ये. गुन्ह्याचा दिवस धरायचा नाही. म्हणजे १ तारखेला कॅमेऱ्यात सापडलात तर १५ तारखेपर्यंत नोटीस पोचली पाहिजे. नुसती टपालात पडून चालत नाही, पोचली पाहिजे. फर्स्ट क्लासने पाठवली तर टाकल्यापासून दुसऱ्या कामाच्या दिवशी पोचली असं धरतात. तसं झालं नाही हे दाखवायची जबाबदारी तुमची.

पण हा नियम फक्त पहिल्या नोटिशीला आणि फक्त रजिस्टर्ड कीपरला (लॉगबुकवर नाव असलेल्याला) लागू आहे. गाडी लीजची, कंपनीची किंवा भाड्याची असेल तर पहिली नोटीस त्या कंपनीकडे जाते. कंपनीने तुमचं नाव कळवायचं, मग तुमच्या नावाने दुसरं पत्र. ते पाच आठवड्यांनी आलं तरी कायदेशीर. त्यामुळे पत्र हातात आल्यावर पहिला प्रश्न ‘किती दिवस झाले’ हा नव्हे, ‘लॉगबुकवर नाव कुणाचं’ हा.

घर बदलून लॉगबुकवरचा पत्ता बदलला नसेल तरीही १४ दिवसांची ढाल मिळत नाही. पोलिसांनी नोंदीतल्या पत्त्यावर वेळेत पाठवली, त्यांचं काम झालं. तसंच पोलिसांनी रस्त्यातच थांबवून तोंडी ताकीद दिली असेल तर लेखी नोटिशीची गरज उरत नाही, आणि त्याच वेळी अपघात झालेला असेल तरीही नाही.

आणि मुख्य मुद्दा: नोटीस खरंच उशिरा आली असली तरी १७२चं उत्तर द्यावंच लागतं. उशीर हा स्पीडिंगच्या आरोपावरचा बचाव आहे, चालकाचं नाव न सांगण्याचा परवाना नाही. फॉर्म भरा, सोबत पत्र जोडा की नोटीस अमुक तारखेला मिळाली, आणि पाकीट जपून ठेवा, शिक्क्यासकट.

---

भाऊचा_धक्का

स्वतःविरुद्ध पुरावा देण्याची सक्ती कुणावर करता येत नाही ना? मग १७२ कसं टिकतं?

---

वळणदार

हा वाद थेट युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेला आणि २००७ साली निकाल ब्रिटिश सरकारच्या बाजूने लागला. गाडी ठेवणाऱ्याने काही जबाबदाऱ्या पत्करलेल्या असतात, त्यातलीच ही एक, असा साधारण सूर. त्यामुळे फॉर्मवर ‘मौनाचा हक्क’ असं लिहून पाठवणं म्हणजे स्वतःहून ६ पॉइंट मागून घेणं.

---

सुरपारंबी

मग आता ग्रुपांवरच्या सर्वात धोकादायक सल्ल्याबद्दल बोलूया: ‘सासरे आले होते ना भारतातून, त्यांचं नाव टाक. ते परत गेले, कोण विचारतंय.’

विचारतात. परदेशातल्या पत्त्यावरचा चालक दाखवला की पोलीस सहसा तिथे थांबत नाहीत. ती व्यक्ती त्या तारखेला देशात होती का, तिच्याकडे लायसन होतं का, गाडीच्या विम्यावर तिचं नाव होतं का, हे तपासता येतं, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांना समोरून चेहरा दिसतो. खोटं निघालं तर प्रकरण स्पीडिंगचं राहत नाही, न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याचं होतं. त्याला पॉइंट नाहीत, तुरुंग आहे. माजी मंत्री क्रिस ह्यून यांनी २००३मधल्या स्पीडिंगचे पॉइंट पत्नीच्या नावावर घातले. २०१३ साली दोघांनाही आठ-आठ महिन्यांची शिक्षा झाली. तीन पॉइंटांसाठी.

सासरे खरंच चालवत असतील तर बिनधास्त सांगा, पण व्यवस्थित सांगा. पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव, पिनकोडसह भारतातला पत्ता, लायसनचा क्रमांक. आणि त्याआधी विम्याचा कागद बघा. पाहुण्याला भारतीय लायसनवर १२ महिने गाडी चालवता येते, पण तुमच्या पॉलिसीवर त्यांचं नाव नव्हतं आणि त्यांचा वेगळा विमाही नव्हता, तर विमा नसताना गाडी चालवू दिल्याचा गुन्हा तुमच्यावर येतो. त्याला ६ ते ८ पॉइंट. म्हणजे पाहुण्यांचं नाव खरं असूनही मोठा फटका यजमानाला.

---

खडीसाखर

आणि खरंच आठवत नसेल तर? लांबचा प्रवास, नवरा-बायको आलटून पालटून चालवतात.

---

सुरपारंबी

फोटो मागवा. बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन लगेच दिसतो. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. फोटो मागितला म्हणून २८ दिवसांचं घड्याळ थांबत नाही. आणि फोटो चालक ओळखायला मदत म्हणून देतात, तुमच्या विरोधातला पुरावा म्हणून नव्हे. मागून काढलेल्या फोटोत गाडीची नंबरप्लेट दिसते आणि डोकं कुणाचं ते कळत नाही, हे नेहमीचं.

मग शोधा: पेट्रोलची पावती कुणाच्या कार्डावर, फोनचा लोकेशन इतिहास, टोलचा भरणा, त्या तासाला कुणी कुणाला फोन केला होता. पुरेशी खटपट करूनही चालक कोण ते कळू शकलं नाही, हा कायद्याने मान्य केलेला बचाव आहे, पण तो कोर्टात सिद्ध करावा लागतो. ‘आठवत नाही’ एवढं लिहून फॉर्म परत पाठवला तर एमएस-९० ठरलेलं. काय काय तपासलं याची तारखांसह यादी फॉर्मसोबत जोडा. आणि दोघांनीही ‘मीच होतो/होते’ असं लिहून पाठवू नये.

---

आडवाटेला

कॅमेऱ्याबद्दल थोडं, कारण फोटो हातात आल्यावर काय बघायचं ते बऱ्याच जणांना माहीत नसतं.

जुना पिवळा गॅट्सो कॅमेरा रडारवर वेग मोजतो आणि मागून दोन फोटो काढतो, अर्ध्या सेकंदाच्या अंतराने. रस्त्यावर ज्या पांढऱ्या आडव्या खुणा असतात त्या या दोन फोटोंची पडताळणी करायला. ३०च्या वेगाने गाडी अर्ध्या सेकंदात साधारण ६.७ मीटर जाते, ४२च्या वेगाने ९.४ मीटर. पहिल्या फोटोत मागचं चाक कोणत्या खुणेवर आहे आणि दुसऱ्यात कोणत्या, हे मोजलं की रडारचा आकडा पटतो की नाही ते कळतं. मोठी तफावत असेल तर मुद्दा आहे. थोडी तफावत कोनामुळे दिसते, त्यावर खटला लढवू नका.

सरासरी वेग मोजणारे कॅमेरे वेगळे. तिथे फ्लॅश नाही. एका खांबावर नंबरप्लेट वाचली जाते, पुढच्यावर पुन्हा, आणि मधलं अंतर भागिले वेळ. कॅमेऱ्याखाली ब्रेक मारून पुढे सुसाट जाण्याचा तिथे उपयोग शून्य.

‘माझ्या मीटरवर तर कमी दाखवत होता’ हेही चालत नाही. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये असा नियम आहे. जास्त दाखवलेला चालतो. मीटरवर ३५ असेल तर खरा वेग बहुधा त्याहून कमीच. अपवाद: कंपनीने दिलेल्यापेक्षा मोठ्या मापाची चाकं बसवली असतील तर. पण तो बचाव कुणी कोर्टात मांडू नये.

आणि ‘बोर्ड नव्हता’. रस्त्यावर दिवे असतील आणि खांबांमधलं अंतर २०० यार्डांपेक्षा जास्त नसेल, तर वेगळा बोर्ड नसल्यास इंग्लंडमध्ये तिथे ३०ची हद्द आपोआप लागू होते. अशा रस्त्यावर ३०चे बोर्ड मध्ये मध्ये पुन्हा लावतच नाहीत. दिव्याचे खांब हाच बोर्ड. वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३पासून अशा बहुतेक रस्त्यांवर ती हद्द २० आहे. ब्रिस्टलकडून पूल ओलांडून कार्डिफला जाणाऱ्यांचं लक्ष नेमकं इथे चुकतं.

---

भाऊचा_धक्का

फिक्स्ड पेनल्टीची मुदत गेली आणि कोर्टाचं पत्र आलं, तर दंडाचा हिशोब कसा होतो? ऐकीव आकडे फार आहेत.

---

तिठा

कोर्टात दंड उत्पन्नावर ठरतो. कर आणि नॅशनल इन्शुरन्स वजा जाता जे आठवड्याचं उत्पन्न, त्याच्या टक्क्यात. तीन पट्टे आहेत. ३०च्या हद्दीत ४०पर्यंत ‘ए’ पट्टा: ५० टक्क्यांच्या आसपास, ३ पॉइंट. ४१ ते ५० ‘बी’: १०० टक्के, ४ ते ६ पॉइंट किंवा ७ ते २८ दिवस बॅन. ५१ आणि वर ‘सी’: १५० टक्के, ६ पॉइंट किंवा ७ ते ५६ दिवस बॅन. ७०च्या हद्दीत हे पट्टे ९० आणि १००वर बदलतात. कमाल दंड १,००० पौंड, मोटरवेवर २,५००.

समजा हातात आठवड्याला ६०० पौंड येतात आणि ३०मध्ये ३६ने गाडी होती. फिक्स्ड पेनल्टी १०० पौंडांत संपली असती. कोर्टात ‘ए’ पट्टा, म्हणजे ३००. पहिल्याच संधीला गुन्हा कबूल केला तर एक तृतीयांश सूट, राहिले २००. त्यावर ४० टक्के सरचार्ज, ८०. झाले २८०, आणि सरकारी पक्षाचा खर्च वेगळा. पॉइंट तेवढेच, तीन.

३०मध्ये ५२ असेल तर: ९००, सूट जाऊन ६००, सरचार्ज २४०, म्हणजे ८४० अधिक खर्च, आणि ६ पॉइंट किंवा थोड्या दिवसांचा बॅन.

उत्पन्नाचा फॉर्म कोरा ठेवू नका. कोरा ठेवला की कोर्ट स्वतःच्या मनाने उत्पन्न धरतं, आणि विद्यार्थी किंवा अर्धवेळ काम करणाऱ्यांसाठी तो आकडा नेहमी जास्त निघतो.

एक गोष्ट वकीलही कधीकधी विसरतात. तुमच्या हाताबाहेरच्या, गुन्ह्याशी संबंध नसलेल्या कारणाने फिक्स्ड पेनल्टी घेता आली नसेल, उदाहरणार्थ कार्यालयीन गोंधळामुळे ऑफरच पोचली नाही, तर दंड फिक्स्ड पेनल्टीएवढाच ठेवावा आणि खर्च लावू नये, असं शिक्षेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येच आहे. कबुलीच्या फॉर्मवर कारण मांडायला जी जागा असते तिथे हे स्पष्ट मागा. आपणहून कुणी देत नाही.

---

निशिगंध_लीड्स

कोर्टाचं पत्र म्हणजे बहुतेक वेळा सिंगल जस्टिस प्रोसीजर नोटीस. उत्तराला २१ दिवस. कबूल, कबूल पण सुनावणी हवी, किंवा नाकबूल, असे पर्याय असतात. उत्तर नाही दिलं तर एक मॅजिस्ट्रेट कागद बघून तुमच्या गैरहजेरीत निकाल देतो. मग घर बदललेल्या माणसाला थेट वसुलीचं पत्र येतं आणि तो म्हणतो, मला काही माहीतच नव्हतं.

त्यावर उपाय आहे: स्टॅट्युटरी डिक्लरेशन. खटल्याची माहितीच नव्हती असं शपथेवर सांगायचं, निकाल कळल्यापासून २१ दिवसांच्या आत. मान्य झालं की निकाल रद्द होऊन प्रकरण पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. प्रकरण संपत नाही, हे लक्षात घ्या. फक्त तुम्हाला बोलायची संधी मिळते.

घर बदललं की लायसन आणि लॉगबुक, दोन्हीवर पत्ता बदलायचा. दोन वेगळ्या नोंदी आहेत, दोन्ही फुकट आहेत. लायसन बदललं की लॉगबुक आपोआप बदलतं असा एक गोड गैरसमज आहे.

---

खडीसाखर

भारतात पंधरा वर्षं गाडी चालवली आणि इथे गेल्या वर्षी टेस्ट पास झाली, तर ‘न्यू ड्रायव्हर’चा नियम लागू होतो का?

---

वळणदार

होतो. भारतातला अनुभव त्यात मोजत नाहीत. इथली पहिली टेस्ट पास झाल्यापासून दोन वर्षं धरायची. त्या काळातल्या गुन्ह्यांमुळे ६ पॉइंट झाले की डीव्हीएलए (लायसन आणि गाड्यांच्या नोंदी ठेवणारी सरकारी संस्था) लायसन रद्द करते. कोर्टात जाऊन विनवण्या करायला जागा नाही, ते आपोआप होतं. हा बॅन नव्हे. प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन) लगेच मिळतं, एल-प्लेट लावून, सोबत कुणी बसवून चालवता येतं. पण थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही पुन्हा द्याव्या लागतात, आणि टेस्टची तारीख मिळायला किती वाट बघावी लागते ते इथे सांगायला नको.

गुन्ह्याची तारीख महत्त्वाची, निकालाची नाही. त्यामुळे ‘दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत प्रकरण लांबवू’ याचा उपयोग नाही. टेस्टआधी प्रोव्हिजनलवर मिळालेले चालू पॉइंटही या सहात धरले जातात. म्हणून नव्या चालकाने १७२चा फॉर्म चुकवणं म्हणजे एका पाकिटापायी लायसन घालवणं: ६ पॉइंट एका झटक्यात.

---

सुरपारंबी

भारतीय लायसनवाल्यांसाठी पुरवणी. इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच ते चालतं. त्यानंतर प्रोव्हिजनल काढून टेस्ट. ‘माझं लायसन भारताचं, पॉइंट कुठे लावणार’ हा समज चुकीचा. डीव्हीएलए तुमच्या नावाची नोंद उघडते आणि पॉइंट तिथे बसतात. पुढे इथलं लायसन काढलं की ते त्यात येतात.

तेरावा महिना लागल्यावर कॅमेऱ्यात सापडलात तर गोष्ट स्पीडिंगवर थांबत नाही. लायसनचा तपशील देताना तारखा उघड होतात: विनालायसन चालवल्याचा आरोप, आणि विमा कंपनीने हात वर केले तर विम्याचाही.

---

आडवाटेला

टॉटिंग, म्हणजे पॉइंटांची बेरीज, राहिलं. तीन वर्षांत १२ पॉइंट झाले की किमान सहा महिने बॅन. तीन वर्षं गुन्ह्याच्या तारखांमध्ये मोजायची. १० मार्च २०२३चे पॉइंट ५ मार्च २०२६च्या गुन्ह्यात धरले जातील, १२ मार्चच्या नाही. लायसनवर मात्र स्पीडिंगचे पॉइंट गुन्ह्यापासून चार वर्षं दिसतात. शेवटचं वर्ष नुसतं दिसायचं, टॉटिंगला मोजायचं नाही.

बॅन टाळायला ‘एक्सेप्शनल हार्डशिप’ (बॅनमुळे नेहमीपेक्षा फार मोठे हाल होतील हे कारण) मांडता येते. ‘नोकरी जाईल’ एवढ्याने बहुधा भागत नाही. त्रास तर होणारच, शिक्षाच आहे ती. तुमच्यावर अवलंबून असलेल्या तिसऱ्या माणसाचं काय होईल हे जड भरतं: आईचं डायलिसिस, दिव्यांग मुलाची शाळा, कामगारांचे पगार. शपथेवर साक्ष द्यावी लागते आणि सरकारी वकील उलट विचारतो की टॅक्सी का नाही, पत्नी का चालवत नाही, बसची वेळ काय. कंपनीचं पत्र, दवाखान्याच्या तारखा, बँकेची पत्रकं न्या. आणि हेच कारण पुढच्या तीन वर्षांत दुसऱ्यांदा वापरता येत नाही, म्हणून खरंच लागेल तेव्हाच.

---

भाऊचा_धक्का

इन्शुरन्सला सांगायचं का? आणि नागरिकत्वाचं काय?

---

निशिगंध_लीड्स

इन्शुरन्स: ते जे विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं, कायदा इतकाच आहे. बहुतेक कंपन्या पाच वर्षांतले पॉइंट आणि शिक्षा विचारतात, म्हणजे लायसनवरून चार वर्षांनी गेलेलेही सांगावे लागतात. कोर्स ही शिक्षा नव्हे. पण प्रश्नातच कोर्सचा उल्लेख असेल तर तिथेही खोटं बोलू नका. तुलना करणाऱ्या साइटवर ‘नाही’ची खूण आधीच भरलेली असेल तर तिथे गफलत होते. नूतनीकरणाच्या आधी सरकारी साइटवर लायसनची नोंद स्वतः बघा: लायसन क्रमांक, नॅशनल इन्शुरन्स क्रमांक आणि पोस्टकोड लागतो. भाड्याच्या गाडीवाल्यांना द्यायचा चेक कोडही तिथेच, तो २१ दिवस चालतो.

नागरिकत्व: वेळेत भरलेली फिक्स्ड पेनल्टी म्हणजे दोषसिद्धी नव्हे. थोड्या काळात अशा अनेक झाल्या, किंवा भरल्याच नाहीत, तर गृहखातं चारित्र्याच्या निकषात त्याकडे बघतं. कोर्टात, अगदी सिंगल जस्टिसने कागदावर, दोषी ठरलात तर मात्र ती दोषसिद्धी आहे आणि अर्जात सांगायची. ‘फक्त स्पीडिंग होतं’ म्हणून वगळली तर स्पीडिंगपेक्षा लपवणं जास्त नडतं.

---

खडीसाखर

शेवटचं. एकाच रस्त्यावर, दहा मिनिटांच्या अंतराने दोन कॅमेरे, दोन पाकिटं. सहा पॉइंट?

---

वळणदार

असेलच असं नाही. दोन्ही १७२ वेगवेगळे भरा, एकाला उत्तर दिलं की दुसऱ्याला लागू पडत नाही. मग दोन्ही संदर्भ क्रमांक टाकून पोलिसांच्या त्या कार्यालयाला लिहा: एकच प्रवास, एकच रस्ता, सलग वेग, हे एकच प्रकरण धरावं ही विनंती. बरेचदा एक सोडून देतात. मध्ये हद्द बदलली असेल, किंवा गाडी थांबून पुन्हा निघाली असेल, तर अवघड. नाही ऐकलं आणि प्रकरण कोर्टात गेलं तर एकाच प्रसंगातल्या गुन्ह्यांना साधारणपणे सर्वात मोठ्या एकाचेच पॉइंट लागतात. दंड मात्र दोन्हींचा होऊ शकतो. पत्र पाठवायचं ते कोर्सची किंवा फिक्स्ड पेनल्टीची ऑफर स्वीकारायच्या आधी. एकदा दोन्ही स्वीकारल्या की विषय बंद.